विद्यार्थी-संघटनेतील नेतृत्व : चिकित्सक-संशोधक घडविणारी पाठशाळा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञान दृढ होण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. यांपैकी पहिल्या दोहोंची व्यवस्था आज महाविद्यालये, विद्यापीठे आणि परीक्षा यांच्याद्वारे झालेली आहे. तिसरा उपाय मात्र आपण बहुतांशी योगायोगावर सोडून दिला आहे. समान विद्येचे उपासक एकत्र यावेत, त्यांनी परस्परांना प्रश्न विचारावेत, आपल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवाव्यात आणि चुकले असेल तेथे निःसंकोचपणे सुधारावे, यासाठी कोणीतरी सभा बोलवावी लागते, वेळ ठरवावी लागते, इतिवृत्त लिहावे लागते आणि खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. ही कामे करणाऱ्यांनाच आपण पदाधिकारी म्हणतो. विद्यार्थिदशेतील अशा पदांचे मोल काय, त्यातून चिकित्सक आणि संशोधक अशा उभय गुणांनी युक्त वैद्य घडू शकतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी आम्ही एक परदेशी उदाहरण घेतले आहे. ते आधुनिक वैद्यकातील आहे म्हणून वाचकांनी बिचकू नये. जो प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, तोच आज आपल्या दाराशी आहे. केवळ शास्त्र जाणणारा किंवा केवळ कर्म जाणणारा वैद्य अपुरा असतो, हे सांगताना सुश्रुताचार्यांनी एकाच पंखाच्या पक्ष्याचा दृष्टान्त दिला आहे. अमेरिकेतील वैद्यकविश्वाला या दुसऱ्या पंखाची चिंता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटू लागली.

चिकित्सक-संशोधकाची अमेरिकेतील वाटचाल

रुग्णशय्येजवळ उभा राहणारा आणि प्रयोगशाळेतही तितक्याच अधिकाराने वावरणारा असा जो वैद्य, त्याला तेथे ‘फिजिशियन-सायंटिस्ट’ म्हणतात. आम्ही त्यास चिकित्सक-संशोधक म्हणू. अशा मंडळींच्या ज्येष्ठ संस्था तेथे पूर्वीपासून आहेत. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन फिजिशियन्स’ ही १८८५ मध्ये स्थापन झाली. विख्यात चिकित्सक विल्यम ऑस्लर हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे तरुण संशोधकांना स्वतंत्र व्यासपीठ हवे म्हणून १९०८ मध्ये ‘अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’ निघाली. तिने सभासद निवडताना वयाची मर्यादा घातली. ज्येष्ठांच्या संस्थेला पर्याय म्हणून तरुणांनी आपली संस्था काढावी, आणि तरीही दोन्ही संस्थांनी पुढे वार्षिक अधिवेशन एकत्र भरवावे, ही गोष्ट आपल्याकडील संघटनांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

एकाच विद्यार्थ्याने वैद्यकीय पदवी आणि शास्त्रीय संशोधनातील पीएच.डी. अशा दोन्ही पदव्या सलग घ्याव्यात, असा अभ्यासक्रम केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात १९५६ मध्ये सुरू झाला. १९६४ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा विद्यार्थ्यांसाठी ‘मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम’ या नावाने शासकीय अर्थसाह्य उपलब्ध करून दिले. असे असूनही १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी एका प्रसिद्ध लेखात चिकित्सक-संशोधक ही नामशेष होऊ घातलेली जमात असल्याचा इशारा दिला. शिक्षणाचा दीर्घ काळ, डोक्यावरचे कर्ज, रुग्णसेवेतील अधिक प्राप्ती आणि संशोधन-अनुदानाची अनिश्चिती ही त्याची कारणे. पहिले मोठे स्वतंत्र अनुदान हाती पडेपर्यंत अशा संशोधकाने सरासरीने चाळिशी ओलांडलेली असते. २०१४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कार्यगटाने या मनुष्यबळाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही हीच चिंता ठळकपणे दिसते.

या अभ्यासक्रमाची रचनाच अशी आहे की, विद्यार्थी एकटा पडतो. दोन वर्षे तो वैद्यकाच्या वर्गात बसतो. नंतर तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळेत जातो. आणि पुन्हा रुग्णालयात परततो तेव्हा त्याचे मूळचे सहाध्यायी पदवी घेऊन निघून गेलेले असतात. एकूण शिक्षण सुमारे ८ वर्षांचे. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना रुग्णालयाची भाषा अपरिचित, आणि रुग्णालयातील सहकाऱ्यांना प्रयोगशाळेची. या एकाकीपणातूनच एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘अमेरिकन फिजिशियन सायंटिस्ट्स असोसिएशन’ ही विद्यार्थ्यांनी, विद्यार्थ्यांसाठी चालविलेली राष्ट्रीय संघटना जन्मास आली. वर उल्लेखिलेल्या दोन ज्येष्ठ संस्थांच्या शिकागो येथील संयुक्त अधिवेशनाला जोडून तिचे वार्षिक अधिवेशन भरत आले. आपला छोटासा निबंध घेऊन आलेला विद्यार्थी आणि त्या विषयातील मान्यवर आचार्य एकाच उपाहारगृहात चहा घेतात. संधायसंभाषेचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पदांची रचना व तिचे मर्म

या संघटनेत ज्येष्ठांचे सल्लागार मंडळ आहे. परंतु कारभार विद्यार्थ्यांच्या हाती आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष ही नावे आपल्या परिचयाचीच. त्याखेरीज अधिवेशन, सभासद-नोंदणी, धोरण, विभागीय सभा अशा कामांसाठी समित्या असतात. आमच्या मते या सर्व रचनेतील तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे महाविद्यालय-प्रतिनिधी. प्रत्येक संस्थेतील एक विद्यार्थी हा संघटनेचा तेथील डोळा आणि कान असतो. नवागतांस माहिती देणे, सभेचे निमंत्रण पोहोचविणे, स्थानिक अडचण वर कळविणे हे त्याचे काम. या पदाला ना व्यासपीठ असते, ना हार. परंतु संघटना टिकते ती याच पदावर. ज्याला पुढे मोठे पद हवे, त्याने येथून आरंभ करावा हे उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘भावी अध्यक्ष’ ही योजना. अमेरिकेतील अनेक व्यावसायिक संस्थांत अध्यक्ष एक वर्ष आधी निवडला जातो. ते वर्ष तो विद्यमान अध्यक्षासोबत काम शिकतो. आणि पद सोडल्यावर मावळता अध्यक्ष या नात्याने आणखी काही काळ सल्ला देतो. विद्यार्थ्यांच्या संघटनेस तर अशा क्रमाची गरज सर्वाधिक असते. तेथील प्रत्येक कार्यकर्ता स्वभावतःच तात्पुरता असतो. आज जो प्रयोगशाळेत आहे, तो उद्या रुग्णालयाच्या रात्रपाळीत अडकणार आणि परवा गावच सोडून जाणार, हे प्रारंभापासून ठाऊक असते.

तिसरी गोष्ट अशी की, पद हे तेथे शिक्षणाचाच भाग मानले जाते. निबंधांची छाननी करताना निष्पक्षता शिकता येते. अंदाजपत्रक मांडताना मर्यादा कळतात. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी त्याचे इतिवृत्त प्रामाणिकपणे लिहिताना सत्यनिष्ठा अंगी बाणते. पुढे याच व्यक्तीला प्रयोगशाळा, विभाग किंवा रुग्णालय चालवावयाचे असते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे उन्हाळी संशोधन-प्रशिक्षणे रद्द झाली, तेव्हा या विद्यार्थी-संघटनेने दूरस्थ पद्धतीने उन्हाळी कार्यक्रम उभा केला. वर्गात शिकवून येणारी ही सिद्धता नव्हे.

एका नोंदवहीची कथा

येथवरचे विवेचन वाचून काही वैद्यबंधू म्हणतील की, हे सर्व श्रीमंत देशाचे आहे. त्यांना उत्तर म्हणून आम्ही स्वतःचीच एक चूक सांगतो.

२००० च्या सुमारास आम्ही बी.ए.एम.एस.चे विद्यार्थी असताना महाविद्यालयात आम्ही आठ-दहा जणांनी एक अभ्यास मंडळ काढले होते. अध्यक्षपद आमच्याकडे होते. दर गुरुवारी सायंकाळी बैठक होई. कायचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अम्लपित्ताच्या रुग्णांची नोंद ठेवावयाची असे ठरले आणि दोनशे पानी मोठी वही आणली गेली. प्रकृती, हेतू, अनुबंध, औषध, मात्रा, अनुपान आणि आठव्या व पंधराव्या दिवशी मिळालेला उपशय अथवा अनुपशय, असे रकाने आम्ही पट्टीने आखले होते. अडीच वर्षांत शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी झाल्या.

त्या नोंदींत एक लक्षणीय गोष्ट आढळली होती. शतावरीचा कल्प दुधाच्या अनुपानाने दिला असता बहुतेकांना आराम पडे. परंतु काही रुग्णांत जडत्व, अरुची आणि मळमळ वाढे. त्यांतील बहुतेकांस कफाचा अनुबंध होता. शास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट अपेक्षितच. पण ती आपल्या डोळ्यांनी, आपल्या रुग्णांत, आपल्या अक्षरात दिसली याचा आनंद वेगळा होता.

पुढे आम्ही आंतरवासितेसाठी तालुक्याच्या गावी गेलो. अभ्यास मंडळाची सूत्रे कोणाकडे द्यावयाची हे ठरलेच नव्हते. ‘कोणीतरी करील’ असे आम्ही मानले. वही विभागातील एका कपाटात ठेवली, आणि ती तेथे आहे हे कोणाला लेखी कळविले नाही. वर्षभराने परत आलो तेव्हा विभागाची रंगरंगोटी होऊन कपाट बदलले होते. वही रद्दीत गेली असावी. मंडळाची गुरुवारची बैठकही थांबली होती.

काही वर्षांनी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने याच विषयावर प्रबंध लिहिण्याचा विचार केला आणि आमच्याकडे त्या नोंदींची मागणी केली. आम्ही तिला सांगितले की, अनुपशयाचे नऊ रुग्ण होते. घरी गेल्यावर मनात शंका आली : नऊ होते, की सहा? दुधाचे प्रमाण किती होते? काही आठवेना. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून ‘आम्ही सांगितलेला आकडा वापरू नका’ असे म्हणण्याची पाळी आमच्यावर आली. शंभर रुग्णांनी दिलेला विश्वास आणि दहा मित्रांचे अडीच वर्षांचे श्रम एका स्मरणाच्या भरवशावर उरले, आणि ते स्मरणही दगा देणारे निघाले.

यात दोष महाविद्यालयाचा नव्हे, रंगाऱ्याचाही नव्हे. आम्ही अध्यक्ष झालो होतो; परंतु अध्यक्षाचे पहिले कर्तव्य आपला उत्तराधिकारी सिद्ध करणे हे असते, एवढे आम्हाला उमगले नव्हते. वर सांगितलेली ‘भावी अध्यक्ष’ ही योजना आम्हाला आकर्षक वाटते ती या अनुभवामुळे.

कोषाध्यक्ष आणि औषधी-निर्माते

या नियतकालिकाच्या वाचकांत रसशाळाचालक आणि औषधी-विक्रेते बहुसंख्येने आहेत. म्हणून अर्थव्यवहाराविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या संघटनेस निधी लागतो आणि तो बहुधा आपल्याकडूनच येतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र देणगी कोणत्या खात्यात जमा होते आणि तिच्या बदल्यात काय अपेक्षिले जाते, याची मर्यादा आखणे हे विद्यार्थी-कोषाध्यक्षाचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थी-परिषदेस आम्ही मार्गदर्शक होतो. एका औषधी-निर्मात्याने दोन्ही दिवसांच्या भोजनाचा खर्च देऊ केला. अट एवढीच की, त्यांच्या एका कल्पावरील व्याख्यान शास्त्रीय सत्रात असावे. आम्ही ज्येष्ठ मंडळी ‘चालेल’ म्हणण्याच्या बेतात होतो. तृतीय वर्षात शिकणारी कोषाध्यक्ष मात्र शांतपणे म्हणाली, ‘सर, प्रदर्शनाच्या दालनात आपण त्यांना प्रशस्त जागा देऊ. शास्त्रीय सत्रातले निबंध छाननी समितीने निवडले आहेत. त्यात एकाला छाननीवाचून जागा दिली, तर ज्यांचे निबंध नाकारले त्यांना मी काय सांगू?’ सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. तिने तेच सौजन्यपूर्ण शब्दांत निर्मात्यास लिहून कळविले. त्यांनी रक्कम निम्म्यावर आणली, दालन घेतले, आणि पुढील वर्षी विनाअट देणगी दिली. त्या वर्षी जेवणात एक पक्वान्न कमी होते, पण परिषदेची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

औषधी-निर्मात्यांचा यात दूरदर्शी लाभही आहे. निष्पक्ष विद्यार्थ्याने केलेली नोंद हीच उद्या त्यांच्या कल्पाची खरी साक्ष ठरते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आयुष औषधांच्या सुरक्षिततेच्या निरीक्षणाची योजना सुरू केली. अनिष्ट परिणाम आणि भ्रामक जाहिराती या दोहोंची नोंद तिच्या कक्षेत येते. कल्पाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक, मात्रा आणि अनुपान यांसह अशी नोंद करण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली, तर संशयाचे बोट सरसकट साऱ्या आयुर्वेदाकडे न वळता नेमक्या कारणाकडे वळेल.

आपल्याकडे काय करता येईल?

परिस्थिती आता पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. भारतीय वैद्यकशास्त्राच्या राष्ट्रीय आयोगाच्या पदवी-अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि वैद्यकीय संख्याशास्त्र यांचा समावेश झालेला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन-विद्यावृत्ती १९७९ मध्येच सुरू केली होती. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची ‘स्पार्क’ ही योजना २०२२ मध्ये आली. तिच्यात निवड झालेल्या बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यास दोन महिन्यांच्या संशोधनासाठी एकूण ५०,००० रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद करण्यात आली. तथापि योजना असणे वेगळे आणि ती आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर पोहोचणे वेगळे. हा दुवा म्हणजेच महाविद्यालय-प्रतिनिधी.

आमच्या अल्पमतीनुसार जिल्हा शाखांनी आपापल्या क्षेत्रात विद्यार्थी-विभाग स्थापताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पदे थोडी असावीत; परंतु प्रत्येक पदाचे काम लेखी असावे. अध्यक्ष, भावी अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष, नोंद-प्रमुख आणि प्रत्येक महाविद्यालयाचा एक प्रतिनिधी एवढे पुरेत.

२. नोंद-प्रमुख हे पद आम्ही मुद्दाम सुचवितो. नोंदवह्या व संगणकातील प्रती कोठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, रुग्णांची नावे गोपनीय राहतील अशी व्यवस्था आहे की नाही, हे त्याने पाहावे. रुग्णांवर कोणतेही अध्ययन करावयाचे असल्यास संस्थेच्या नीतिसमितीची अनुमती आणि रुग्णाची लेखी संमती घेतल्यावाचून आरंभ करू नये. आमच्या वहीच्या वेळी आम्हाला याचे भान नव्हते, हेही येथे मान्य केले पाहिजे.

३. अंतिम वर्षाच्या परीक्षेपूर्वी सहा महिने पदाधिकाऱ्याने पदमुक्त व्हावे आणि उरलेला काळ सल्लागार राहावे. नेतृत्वाच्या हौसेपायी अभ्यास बुडाला, तर पालकांचा आणि गुरुजनांचा संघटनेवरील विश्वास उडतो.

४. दर महिन्यास एक संधायसंभाषा व्हावी. तीत एक विद्यार्थी, एक व्यवसायी वैद्य आणि शक्य तेव्हा एक औषधी-निर्माता असावा. विषय एकच असावा. फसलेल्या चिकित्सेस आवर्जून स्थान द्यावे.

५. ज्येष्ठांनी सल्ला द्यावा. कारभार करू नये. विद्यार्थ्यांच्या सभेत आपण अध्यक्षीय खुर्चीत बसलो की सभा आपली होते आणि विद्यार्थी श्रोते होतात.

यांवर एक आक्षेप संभवतो. आपले बहुसंख्य विद्यार्थी पुढे चिकित्सालयच उघडणार. त्यांना संशोधक-नेतृत्वाचा काय उपयोग? आमचे उत्तर असे की, सर्वांनी प्रयोगशाळेत जावे असा आग्रह कोणी धरलेला नाही. परंतु प्रत्येक चिकित्सालयात दिवसाकाठी वीस-पंचवीस रुग्ण येतात, आणि त्यांच्या नोंदी व्यवस्थित ठेवणारा, त्या इतरांपुढे मांडण्याचे धैर्य असलेला वैद्य हा संशोधनाचा पाया आहे. ही सवय चाळिशीत लागत नाही. ती विसाव्या वर्षी, समवयस्कांच्या सभेत लागते.

समारोप

गेल्या महिन्यात आमच्या गावातील विद्यार्थी-विभागाच्या सभेस आम्ही मागच्या बाकावर बसून होतो. मावळत्या नोंद-प्रमुखाने नव्याच्या हाती तीन वह्या, एक पेन ड्राइव्ह आणि कपाटाची किल्ली दिली. नव्याने वह्या उघडून पाने मोजली, एका पानावर खाडाखोड होती तिच्याविषयी विचारले, आणि मगच सही केली. मावळत्या मुलाला ती विचारणा जराशी खटकली असावी; पण त्याने खाडाखोडीचे कारण सांगून समासात तारखेसह लिहिले.

टाळ्या वाजल्या नाहीत, छायाचित्रही कोणी घेतले नाही. आम्हाला मात्र पंचवीस वर्षांपूर्वीचे ते कपाट आठवले. सुज्ञ वाचकांस आमची विनंती एवढीच की, आपल्या गावातील विद्यार्थ्यांची अशी एखादी सभा असेल, तर तिला जरूर जावे आणि मागच्या बाकावर बसावे. नसेल, तर एक वही घेऊन द्यावी आणि ती पुढे कोणाच्या हाती जाणार हे पहिल्याच पानावर लिहावयास सांगावे. इत्यलम्.